एमबीबीएसच्या जागा दहा वर्षांत दुप्पट झाल्या, पण त्या पोरांना शिकवणार कोण?

दरवर्षी मे महिना आला की देशातली २० लाखांहून जास्त पोरं एकाच दिवशी, एकाच वेळी एक पेपर देतात. नीट. निकाल लागला की कटऑफ, कोटा, राऊंड, फी या चार शब्दांवर घराघरांत खल सुरू होतो. आणि दर बजेटला सरकारकडून एक घोषणा हमखास येते, मेडिकलच्या जागा वाढवणार.

आणि त्या खरंच वाढल्यात. सरकारी आकड्यांनुसार २०१४ च्या आधी देशात ३८७ मेडिकल कॉलेजेस होती आणि एमबीबीएसच्या ५१ हजार ३४८ जागा होत्या. २०२४-२५ पर्यंत कॉलेजेस झाली ७८० आणि जागा गेल्या १ लाख १८ हजारांच्या आसपास. म्हणजे दुपटीपेक्षा जास्त. २०२५ च्या बजेटमध्ये पुढच्या पाच वर्षांत आणखी ७५ हजार जागा वाढवायचं उद्दिष्ट जाहीर झालं.

ऐकायला भारी वाटतं. पण डॉक्टर तयार व्हायला बाक आणि बिल्डिंग पुरत नाही. त्याला तीन गोष्टी लागतात. पेशंटने भरलेलं हॉस्पिटल, शिकवणारा अनुभवी मास्तर आणि पोराला वॉर्डात घालवायला वेळ. या तीन गोष्टी जागांच्या वेगाने वाढल्यात का? आजचा सगळा विषय या प्रश्नाचा आहे. आणि त्याचं उत्तर शोधायला आपल्याला थेट दोनशे वर्षं मागे जावं लागतं.

मुंबईत मराठीतून डॉक्टरकी शिकवणारी शाळा होती

होय, होती. आणि तीही १८२६ साली.

ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या फौजेसाठी आणि दवाखान्यांसाठी कमी पगारात काम करणारी माणसं हवी होती. त्यासाठी मुंबईत एक नेटिव्ह मेडिकल स्कूल काढण्यात आलं. डॉ. जॉन मॅक्लेनन त्याचे प्रमुख होते. शिकवणं देशी भाषांतून होतं आणि त्यासाठी मराठीत पुस्तकंही तयार झाली. पण हा प्रयोग जेमतेम सहा वर्षं टिकला. १८३२ मध्ये शाळा बंद पडली.

त्यानंतर वारं फिरलं. १८३५ मध्ये कलकत्त्याला मेडिकल कॉलेज सुरू झालं, तेही इंग्रजी माध्यमातून. मुंबईचे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांनाही इथे तसंच कॉलेज हवं होतं. १८३८ मध्ये त्यांचं निधन झालं. पण काम थांबलं नाही. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी हॉस्पिटलसाठी मोठी देणगी दिली आणि १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज आणि शेजारीच जे. जे. हॉस्पिटल सुरू झालं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे कामाला येणार आहे. कॉलेज आणि हॉस्पिटल जोडीनेच उभं राहिलं. पहिले प्रमुख डॉ. चार्ल्स मोरहेड यांचा सगळा भर होता तो पेशंटच्या खाटेशेजारी उभं राहून शिकवण्यावर. पुस्तक वाचा, पण आजार माणसाच्या अंगावर बघा, हा त्यांचा खाक्या.

१८५१ मध्ये पहिली बॅच बाहेर पडली. किती जण होते? फक्त आठ. पण या आठात कोण होते बघा. एक होते डॉ. भाऊ दाजी लाड, ज्यांचं नाव आज भायखळ्याच्या म्युझियमला आहे. दुसरे होते डॉ. आत्माराम पांडुरंग, ज्यांनी पुढे १८६७ मध्ये प्रार्थना समाजाच्या स्थापनेत पुढाकार घेतला. आठच निघाले, पण मुंबईच्या सार्वजनिक जीवनावर त्यांचा ठसा उमटला.

डॉक्टर कुणी व्हायचं, याचंही भांडण होतं

कॉलेज निघालं म्हणजे दार सगळ्यांना उघडलं असं झालं नाही. कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये समुद्र ओलांडून अमेरिकेला गेल्या आणि १८८६ मध्ये पेन्सिल्व्हेनियाच्या महिला मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या हॉस्पिटलात त्यांची नेमणूकही झाली. पण क्षयाने गाठलं आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये, वयाच्या २२ व्या वर्षाच्या आतच त्या गेल्या. नवऱ्याकडे नांदायला जायचं नाकारून कोर्टात उभ्या राहिलेल्या रखमाबाई लंडनला शिकल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या आणि नंतर सुरतेत अनेक वर्षं काम केलं.

दुसरं भांडण होतं शिकवायचं कुणी याचं. सरकारी कॉलेजांत प्रोफेसरच्या खुर्च्या इंग्रज अधिकाऱ्यांसाठी राखलेल्या असायच्या. भारतीय डॉक्टर कितीही हुशार असला तरी तो दुय्यम. म्हणून मुंबईत सेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या ट्रस्टचा पैसा देताना अट घालण्यात आली की कॉलेजात शिकवणारे सगळे भारतीयच असतील आणि ते सरकारी सेवेतले नसतील. त्यातून १९२६ मध्ये परळला जी. एस. मेडिकल कॉलेज आणि केईएम हॉस्पिटल उभं राहिलं. डॉ. जीवराज मेहता, जे पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले, ते इथले सुरुवातीचे डीन.

म्हणजे शंभर वर्षांपूर्वी देणगी देणाऱ्यांना कळत होतं की कॉलेजचा जीव इमारतीत नसतो, शिकवणाऱ्यांत असतो. म्हणून त्यांनी अट घातली ती मास्तरांबद्दल.

भोर समिती: एकच डॉक्टर, एकच डिग्री

स्वातंत्र्याच्या तोंडावर देशात दोन प्रकारचे ॲलोपॅथी डॉक्टर होते. एक एमबीबीएस आणि दुसरे कमी वर्षांचा कोर्स केलेले लायसेन्शिएट, म्हणजे एलएमपी. पुण्याचं बी. जे. मेडिकल आधी असंच मेडिकल स्कूल होतं. १९४६ मध्ये त्याचं कॉलेज झालं.

त्याच वर्षी सर जोसेफ भोर यांच्या समितीचा अहवाल आला. समितीने सांगितलं की हा दोन दर्जांचा प्रकार बंद करा, देशात एकच मूलभूत डॉक्टर असू द्या आणि त्याच्या शिक्षणात आजार होऊ नये म्हणून काय करायचं यावर, म्हणजे सामाजिक आरोग्यावर भर द्या. समितीतल्या काही सदस्यांना हे पटलं नव्हतं. त्यांचं म्हणणं होतं की देशात डॉक्टर मुळातच कमी आहेत, एलएमपी बंद केले तर खेड्यात जाणार कोण?

दर्जाचा मुद्दा जिंकला. एलएमपीचे कोर्स बंद झाले. पण खेड्यात जाणार कोण हा प्रश्न तिथेच राहिला. इतका की २०१९ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनचा कायदा आला, तेव्हा त्याच्या कलम ३२ मध्ये मर्यादित परवाना असलेल्या 'कम्युनिटी हेल्थ प्रोव्हायडर'ची तरतूद होती आणि देशभरातले डॉक्टर रस्त्यावर उतरले होते. सत्तर वर्षांनी तोच वाद, फक्त नाव नवं.

या प्रश्नावर एक वेगळं उत्तर आपल्याच राज्यात शोधलं गेलं. १९६९ मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला मेडिकल कॉलेज काढलं. पोरांनी गावात राहायचं, कुटुंबं दत्तक घ्यायची, आजारपणाचा घरातल्या चुलीशी आणि विहिरीशी काय संबंध असतो ते बघायचं. गंमत म्हणजे कुटुंब दत्तक घेण्याची अशीच योजना आता देशभरातल्या एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात आली आहे.

१९८३ आणि शिक्षणसम्राटांचा उदय

सरकारकडे पैसा नव्हता, मागणी मात्र वाढत होती. १९८३ मध्ये मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांनी विनाअनुदानित इंजिनिअरिंग आणि मेडिकल कॉलेजांना परवानगी दिली. साखर कारखाने, बँका आणि शिक्षणसंस्था चालवणारी नेतेमंडळी यात उतरली. मराठीला 'शिक्षणसम्राट' हा शब्द मिळाला तो इथून.

याचे दोन्ही परिणाम झाले. कराड, लोणी अशा ठिकाणी मोठी हॉस्पिटल्स उभी राहिली, जिथे आधी साध्या ऑपरेशनसाठी पुण्या-मुंबईला जावं लागायचं. त्याच वेळी डोनेशनचा बाजारही मांडला गेला. १९८७ मध्ये महाराष्ट्राने कॅपिटेशन फीविरोधी कायदा केला. १९९२ मध्ये मोहिनी जैन खटल्यात सुप्रीम कोर्टाने कॅपिटेशन फी बेकायदा ठरवली. पैसा काही गेला नाही, त्याने रस्ते बदलले.

दुसरा रस्ता होता तपासणीचा. कॉलेजला मान्यता द्यायची तर मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाची टीम येऊन बघणार की हॉस्पिटलात पेशंट आहेत का, प्रोफेसर आहेत का. मग काय, तपासणीच्या दिवशी भाड्याने प्रोफेसर आणि खाटांवर धडधाकट पेशंट, अशा कहाण्या देशभर ऐकू यायला लागल्या. २०१० मध्ये सीबीआयने कौन्सिलच्या तेव्हाच्या अध्यक्षांनाच लाचखोरीच्या आरोपाखाली अटक केली. शेवटी सप्टेंबर २०२० मध्ये कौन्सिल गेली आणि नॅशनल मेडिकल कमिशन आलं.

प्रश्न मिटला? २०२५ च्या उन्हाळ्यात सीबीआयने पुन्हा गुन्हा दाखल केला. आरोप तेच, मान्यतेसाठी लाच, गोपनीय माहितीची गळती, कागदावरचे प्रोफेसर. आरोपींमध्ये आरोग्य मंत्रालय आणि कमिशनशी संबंधित लोकांचीही नावं होती. कोर्टात काय सिद्ध होईल ते पुढे कळेल. पण कागदावरचा प्रोफेसर ही तक्रार जुनीच, हे मात्र खरं.

नीटने काय सुटलं, काय नाही

२०१३ मध्ये पहिल्यांदा नीट झाली, त्याच वर्षी कोर्टाने ती रद्द केली आणि २०१६ पासून ती पुन्हा लागू झाली. दहा कॉलेजांचे दहा फॉर्म आणि व्यवस्थापन कोट्याचा सावळागोंधळ यातून पोरांची बरीच सुटका झाली, हे मान्य करावं लागतं. पण सगळी अंडी एकाच टोपलीत आली. २०२४ च्या नीटमध्ये ६७ जणांना सुरुवातीला ७२० पैकी ७२० मिळाले, पेपरफुटीचे आरोप झाले, तपासाचे धागे लातूरपर्यंत पोहोचले. सुप्रीम कोर्टाने फेरपरीक्षा नाकारली, पण विश्वासाला तडा गेला तो गेलाच.

आणि नीट फक्त दारात कोण येणार ते ठरवते. आत फी किती, शिकवतं कोण, हे तिच्या हातात नाही. अनेक खाजगी कॉलेजांत साडेपाच वर्षांचा खर्च ५० लाखांच्या वर जातो. जमीन विकून, कर्ज काढून एवढे पैसे भरलेला पोरगा प्राथमिक आरोग्य केंद्रात बसेल, ही अपेक्षा करताना आधी त्याच्या बापाचा हप्ता बघायला हवा.

आता मुख्य मुद्दा, मास्तर आणणार कुठून?

नियम सांगतो की १०० जागांच्या कॉलेजला साधारण ४२० खाटांचं हॉस्पिटल पाहिजे आणि त्यातल्या बहुतेक खाटा भरलेल्या पाहिजेत. जिल्हा रुग्णालय कॉलेजला जोडून हे जमवता येतं आणि सरकार तेच करतंय. ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्रात एका दमात १० सरकारी मेडिकल कॉलेजांचं उद्घाटन झालं. गडचिरोली, हिंगोली, वाशिम, बुलढाणा, भंडारा, जालना ही नावं त्यात आहेत. एकूण ९०० जागा. गडचिरोलीच्या पोरीला गडचिरोलीत एमबीबीएस करता येणं ही छोटी गोष्ट नाही.

पण खाटा जोडता येतात, प्रोफेसर जोडता येत नाही. एमबीबीएस, मग एमडी किंवा एमएस, मग काही वर्षांचा अनुभव. एक शिक्षक तयार व्हायला दहा-बारा वर्षं लागतात. आज जे वाढलेल्या जागांना शिकवायला हवेत, त्यांची तयारी बारा वर्षांपूर्वीच सुरू व्हायला हवी होती.

त्यात आणखी एक गाठ आहे. पीजीला सगळ्यांना मेडिसिन, रेडिओलॉजी, स्किन हवं असतं, कारण प्रॅक्टिस तिथे आहे. ॲनाटॉमी, फिजिओलॉजी, बायोकेमिस्ट्री या जागा दरवर्षी रिकाम्या राहतात. रिकाम्या जागांचा प्रश्न इतका चिघळला की २०२३ च्या नीट-पीजीची पात्रता चक्क शून्य पर्सेंटाईलवर आणावी लागली. पण एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला शिकवतं कोण? याच विषयांची माणसं. म्हणजे आज रिकामी राहिलेली पीजीची जागा ही उद्याच्या वर्गातली रिकामी खुर्ची असते.

यावर कमिशनने २०२५ मध्ये नियम सैल केले. २२० पेक्षा जास्त खाटांच्या सरकारी हॉस्पिटलातल्या अनुभवी तज्ज्ञांना शिक्षक म्हणून घेता येईल अशी वाट काढली. यात तथ्य आहे. वीस वर्षं जिल्हा रुग्णालयात बाळंतपणं केलेल्या डॉक्टर मॅडमकडे शिकवण्यासारखं खूप असतं. पण त्यांच्यासमोर दोनशे पेशंटची ओपीडीही असते. दोन्ही कामं एकाच माणसावर टाकली, तर एक काम कागदावरच होणार.

मग जागा वाढवूच नयेत का?

असं म्हणणंही सोपं आणि चुकीचं आहे. अमेरिकेचं उदाहरण बघा. १९१० मध्ये अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिका आणि कॅनडातली १५५ मेडिकल कॉलेजेस फिरून सडेतोड अहवाल लिहिला. त्यानंतर सुमार कॉलेजेस धडाधड बंद झाली, दर्जा वर गेला. पण कृष्णवर्णीयांसाठी असलेल्या सातपैकी पाच कॉलेजांना कुलूप लागलं आणि त्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या डॉक्टर कमी पडले. दर्जाच्या नावाखाली दार लावलं की बाहेर कोण राहतं, हेही बघावं लागतं.

आपल्याकडे सरकार सांगतं की आयुष धरून ८११ लोकांमागे एक डॉक्टर आहे. सरासरी चांगली दिसते. पण सरासरी पुण्याच्या कर्वे रोडला आणि भामरागडला एकाच मापाने मोजते. केंद्राच्याच ग्रामीण आरोग्य आकडेवारीत, २०२१-२२ मध्ये सामुदायिक आरोग्य केंद्रांत गरजेच्या तुलनेत सुमारे ८० टक्के तज्ज्ञ कमी होते. महाराष्ट्रात सरकारी कॉलेजातून निघालेल्याला वर्षभराचा बाँड आहे, नाहीतर १० लाखांचा दंड. पण एका वर्षाच्या सक्तीने गावाला डॉक्टर मिळत नाही, पाहुणा मिळतो.

पुढे काय होणार?

तीन गोष्टींवर लक्ष ठेवा.

एक, भाषा. ऑक्टोबर २०२२ मध्ये मध्य प्रदेशात एमबीबीएसची हिंदी पुस्तकं आली. मराठीची चर्चाही अधूनमधून होते. १८२६ ची शाळा का टिकली नाही, याची अनेक कारणं असतील, पण तिचा धडा कामाचा आहे. पुस्तक भाषांतरित करणं हा सोपा भाग. त्या भाषेत शिकवणारे, पेपर काढणारे, संशोधन लिहिणारे तयार झाले तरच माध्यम टिकतं. पण पेशंटशी त्याच्या बोलीत बोलता येणं हे मात्र आजच शिकवायला हवं. 'छातीत धडधडतंय' आणि 'छातीत दुखतंय' यातला फरक ज्याला कळत नाही, त्याचा ईसीजी नंतर येतो.

दोन, तंत्रज्ञान. पुतळ्यांवर इंजेक्शनचा सराव, व्हर्च्युअल डिसेक्शन, एआयवर निदान. जिथे शिक्षक कमी तिथे याचा उपयोग आहेच. धोका इतकाच की शिक्षक नसल्याचं खापर झाकायला स्क्रीन लावली जाईल. पोटाला हात लावून ते कडक आहे का मऊ, हे स्क्रीनवर शिकता येत नाही.

तीन, इंटर्नशिप. एमबीबीएसचं शेवटचं वर्षभर पोरगं वॉर्डात घडायला हवं. आज त्याच वर्षात नीट-पीजीचे हजारो एमसीक्यू सोडवले जातात, कारण पीजी नाही झालं तर किंमत नाही अशी समजूत झालीय. एमबीबीएस डॉक्टरला मान आणि नीट पगार मिळाला, फॅमिली डॉक्टर हा शब्द पुन्हा जिवंत झाला, तर ही घुसमट कमी होईल.

ॲडमिशन घेताना पालकांनी काय बघावं?

ब्रोशरमधली इमारत बघू नका. मंगळवार-बुधवारी सकाळी दहाला न सांगता कॉलेजच्या ओपीडीत जा. रांग आहे का? वॉर्डात खऱ्या खाटा भरल्यात का? दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या पोरांना गाठा आणि विचारा की आठवड्यात किती वेळा सर पेशंटपाशी उभे राहून शिकवतात. इंटर्न लोकांना स्टायपेंड वेळेवर मिळतो का? वेबसाईटवर नाव असलेले प्रोफेसर खरंच तिथे दिसतात का? या पाच उत्तरांतून जे कळतं ते रँकिंगमधून कळत नाही.

आणि घरात कुणी मेडिकलला जाणार नसलं तरी हा विषय आपलाच आहे. आज पहिल्या वर्षाला बसलेली पोरगी दहा-बारा वर्षांनी आपल्या गावच्या रुग्णालयात रात्रपाळीला असेल. रात्री दोन वाजता आपल्याला तिथे नेलं जाईल तेव्हा तिच्या कॉलेजात जागा किती होत्या याचा उपयोग नसेल. तिला कुणी खाटेशेजारी उभं करून शिकवलं होतं की नाही, यावर आपली सकाळ ठरेल. त्यामुळे पुढच्या वेळी नेते म्हणतील की आम्ही इतक्या जागा वाढवल्या, तेव्हा एवढंच विचारा, मास्तर किती वाढवले?